‘अल्गिझ’ रून वापरताय? मग या चुका टाळा (मी जवळपास सगळ्या करून बसलोय)

घरात मला राजू म्हणतात. दोन वर्षांपूर्वी मला रून लिपीचा, म्हणजे उत्तर युरोपातल्या एका जुन्या लिपीचा, नाद लागला आणि नवा नाद लागलेला माणूस जे करतो तेच मी केलं, लाकडाच्या पट्टीवर लेझरने स्वतःचं नाव कोरून किचेन बनवून घेतली. चारच अक्षरं, र, आ, ज, ऊ. इंटरनेटवरचे दोन तक्ते शेजारी शेजारी उघडले, जे अक्षर जिथे छान दिसलं तिथून उचललं, आणि ज साठी ‘अल्गिझ’ हे सगळ्यात फेमस अक्षर घेतलं, उभी रेघ आणि वरच्या बाजूला दोन तिरक्या फांद्या, म्हणजे बेचकीच्या मधून एक काडी वर आलीये असं दिसतं ते. मग एका व्हिडिओ कॉलवर ती किचेन कॅमेऱ्यासमोर नाचवली. आमच्या टीममध्ये स्वीडनचा एक कलीग आहे, लहानपणापासून रून कोरलेले दगड बघत वाढलेला, त्याने डोळे बारीक केले, वाचलं आणि विचारलं, "हा रामू कोण?"

रामू! ज चा म कसा झाला हे शोधायला गेलो आणि तिथून जे काही वाचत सुटलो त्यातून हा लेख झालाय. हे एकच अक्षर आहे ज्याच्याबद्दल नेटवर सगळ्यात जास्त भंपक माहिती फिरते, कारण टॅटूवाल्यांना, लॉकेटवाल्यांना आणि गेमवाल्यांना ते फार आवडतं. सगळे विचारतात याचा अर्थ काय. याचा आवाज काय होता हे कोणी विचारत नाही, आणि खरी मजा तर तिथेच आहे.

आधी अर्थ शोधायला जाणं

ही सगळ्यात मोठी चूक, बाकीच्या निम्म्या हिच्याच पोटातून निघतात. रून ही लिपी आहे. जर्मनिक भाषा बोलणाऱ्या लोकांची, म्हणजे आजच्या डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन, जर्मनी वगैरे भागातल्या त्या काळच्या लोकांची. सगळ्यात जुन्या नमुन्यांपैकी एक म्हणजे डेन्मार्कमधल्या व्हिमोसे इथल्या दलदलीत सापडलेला एक कंगवा, साधारण इसवी सन १६० चा, त्यावर फक्त ‘हार्या’ एवढंच कोरलंय. कंगव्यावर पाच अक्षरं. एवढा साधा कारभार.

सुरुवातीच्या चोवीस अक्षरांच्या संचाला जुनी फुथार्क म्हणतात (पहिल्या सहा अक्षरांवरून नाव पडलंय, जसं आपण बाराखडी म्हणतो), आणि आपलं हे अक्षर त्यात पंधरावं. त्याचा आवाज झेडचा. बस. बाकी संरक्षण, देवांशी संपर्क, वर केलेले हात, हरणाची शिंगं, हे सगळं नंतरचं.

"पण याचं नावच एल्क आहे ना, एल्क म्हणजे तो सांबरासारखा मोठा प्राणी, मग शिंगं म्हणजे रक्षण" असं मलाही वाटायचं. आता बघा मूळ पुरावा काय आहे. या अक्षराबद्दल थोडंफार सांगणारी जुनी कविता इंग्लंडातली, जुन्या इंग्रजीतली. तिचं हस्तलिखित १७३१ च्या आगीत जळालं, पण १७०५ मध्ये जॉर्ज हिक्सने ती छापून ठेवली होती म्हणून आपल्याला वाचायला मिळते. त्या कवितेत या अक्षराच्या कडव्यात प्राणी नाहीच. तिथे एक गवत आहे, एल्कच्या नावाचं, दलदलीत उगवणारं, पाण्यात वाढणारं, आणि जो कोणी मुठीत धरेल त्याचा हात कापून रक्त काढणारं. म्हणजे आपल्याकडे ओढ्याकाठी लव्हाळं असतं तसलं काहीतरी. रक्षण वगैरे सोडा, कविता म्हणतेय हात लावू नका!

‘अल्गिझ’ हे नाव कुठेतरी कोरलेलं आहे असं समजणं

नाहीये. एकाही दगडावर, एकाही हस्तलिखितात हे नाव असं लिहिलेलं सापडत नाही. हे भाषाशास्त्रज्ञांनी उलटा हिशोब करून बांधलेलं नाव आहे, म्हणून नीट छापलेल्या पुस्तकात त्याच्या आधी एक चांदणी असते. ती चांदणी डेकोरेशन नाही, तिचा अर्थ "हा शब्द तर्काने बांधलाय". काही जण ‘एल्हाझ’ बांधतात, तेही चालतं. प्रत्यक्षात लिहिलेली नावं वेगळीच आहेत. जुन्या इंग्रजीत ‘एओल्ख’ किंवा शेवटी एक्स लावून ‘एओल्क्स’, व्हिएन्नामध्ये असलेल्या एका हस्तलिखितात गॉथिक (ही पण एक जुनी जर्मनिक भाषा) झेडचं नाव ‘एझेक’, आणि स्कँडिनेव्हियात नंतर ‘यूर’, ज्याचा अर्थ यू नावाचं झाड. गवत, प्राणी, झाड. एकाच अक्षराची तीन नावं तीन दिशांना गेलीत, मग कोणत्या नावावरून तुम्ही भविष्य सांगणार आहात?

शब्दाच्या सुरुवातीला हे अक्षर शोधणं किंवा वापरणं

ही चूक जरा सावकाश बघू, कारण मला स्वतःला इथे खरा उजेड पडला आणि गंमत म्हणजे तो शाळेतल्या संस्कृतमुळे पडला.

रूनच्या नावांचा साधा नियम आहे की नावाचा पहिला आवाज तोच त्या अक्षराचा आवाज. फ चं नाव फ ने सुरू, र चं र ने सुरू. पण या आपल्या अक्षराचं नाव अ किंवा ए ने सुरू होतं आणि झ शेवटाला आहे. का? तर त्या भाषेत झ ने सुरू होणारा शब्दच नव्हता. एकही नाही. आपल्याकडे ण किंवा ळ ने सुरू होणारा मराठी शब्द शोधून दाखवा, तसंच. मग नाव ठेवणार कशावरून, म्हणून शेवटचा आवाज धरला.

आणि झ शेवटी का येतो? इथे संस्कृत. रामः, देवः, मुनिः, हा जो प्रथमेचा विसर्ग आपण पाठ केला तो मुळात स होता. लॅटिनमध्ये तोच अस-उस मधला स राहिला, ग्रीकमध्ये ओस मधला. जर्मनिकमध्ये हाच स मऊ होऊन झ झाला. म्हणजे आपण ज्याला शेवटचे दोन ठिपके म्हणून ओळखतो तीच ही काडी लावलेली बेचकी. हे अक्षर म्हणजे जर्मनिक लोकांचा विसर्ग! मला हे कळलं तेव्हा मी रात्री साडेअकराला उठून बायकोला सांगायला गेलो होतो, ती झोपेत "बरं" म्हणाली.

उदाहरण जवळून बघा. डेन्मार्कच्या दक्षिण जटलंडमध्ये गालेहुस इथे सोन्याची दोन शिंगं सापडली, एक १६३९ ला आणि दुसरं १७३४ ला. साधारण इसवी सन ४०० च्या आसपासची. दुसऱ्यावर काठाला एक ओळ होती, "एक ह्लेवागास्तिझ होल्तियाझ होर्ना ताविदो", म्हणजे मी ह्लेवागास्तिझ होल्तियाझ याने हे शिंग बनवलं. एकूण बत्तीस अक्षरं आणि त्यात आपलं अक्षर बरोब्बर दोन वेळा, दोन्ही वेळा शब्दाच्या अगदी शेवटी. गास्तिझ मधला ‘गास्ति’ म्हणजे पाहुणा, इंग्रजीतला गेस्ट, आणि तो इझ म्हणजे आपल्या मुनिः मधला इः. काम करणारा कर्ता प्रथमेत, त्यामुळे शेवटी विसर्ग, म्हणजे झ. शाळेतलं व्याकरण जसंच्या तसं. (ती शिंगं आता नाहीत. १८०२ मध्ये कोपनहेगनमधून एका सोनाराने चोरली आणि वितळवून टाकली, आपण वाचतो ते आधी काढून ठेवलेल्या चित्रांवरून.)

म्हणून कोणी "झोया" किंवा "झेंडा" लिहायला पहिलंच अक्षर हे टाकलं की जाणकार माणसाला ते तसंच दिसतं जसं आपल्याला विसर्गाने सुरू होणारा शब्द दिसेल. वाचता येईल, पण विचित्र. शब्दाच्या मध्ये मात्र चालतं. मोअर या इंग्रजी शब्दाचं गॉथिक रूप ‘मैझा’ होतं, त्यात झ मध्येच आहे.

देवनागरीत झ लिहिलंय म्हणून झाडातला झ उच्चारणं

छोटी चूक, पण आपली खास मराठी. मी झ लिहितोय कारण पर्याय नाही, पण त्यात ह ची फुंकर अजिबात नाही. बाजू म्हणताना जो ज येतो तो म्हणा. बाजीराव मधला ज नाही. हिंदीवाले नुक्ता लावून सुटतात, आपल्याकडे एकाच ज ला दोन आवाज आहेत आणि लिहिताना कोणी सांगत नाही कुठला, तर या ठिकाणी बाजूवाला.

आणि हो, जर्मन भाषेतला आजचा झेड आणि हे अक्षर यांचा काही संबंध नाही. जर्मन झेडचा उच्चार त्स आहे आणि तो बऱ्याच शब्दांत ट पासून आलाय, इंग्रजीत टेन तर जर्मनमध्ये त्सेन. जर्मन शिकणाऱ्या मित्राने मला यावर अर्धा तास चुकीचं लेक्चर दिलं होतं आणि मी वहीत उतरवूनही घेतलं होतं.

सगळीकडे झ वाचणं

आता आवाजाचा प्रवास. झ हा आवाज फार काळ झ राहिला नाही. हळूहळू तो र कडे सरकत गेला, आधी झ आणि र च्या मधलं काहीतरी, मग शुद्ध र. ऐकायला विचित्र वाटतं पण आपण हे रोज बोलतो. दुः अधिक तर म्हणजे दुस्तर, पण दुः अधिक जन म्हणजे दुर्जन. निः अधिक तेज निस्तेज, पण निः अधिक आशा निराशा. विसर्गसंधी म्हणून मार्कांसाठी घोकलेलं हे प्रकरण म्हणजे स चा र होणं. इंग्रजीत वॉज आणि वेअर, लॉस्ट आणि फॉरलॉर्न, या जोड्यांत तेच झालंय, स मऊ होऊन झ आणि झ चा र. हे कधी होतं आणि कधी नाही याचा नियम डॅनिश भाषाशास्त्रज्ञ कार्ल व्हर्नरने १८७० च्या दशकात मांडला आणि त्याला किल्ली मिळाली ती वेदातल्या स्वरांमध्ये, शब्दात आघात कुठे आहे यावर सगळं अवलंबून होतं आणि तो आघात वैदिक संस्कृतने जपून ठेवला होता. आपल्या पितृ आणि भ्रातृ यांच्या स्वरातला फरक जर्मनिक फादर-ब्रदरच्या जुन्या रूपांचं कोडं सोडवतो, हे आपल्याला शाळेत कोणी सांगितलं नाही.

तर त्या मधल्या आवाजासाठी अभ्यासक लिप्यंतरात एक वेगळा छोटा कॅपिटल आर वापरतात. मी इथे आपला ऱ वापरतो, सुऱ्या-दऱ्यातला, कुठेतरी कामाला येऊ दे बिचारा. आता डेन्मार्कमधल्या येलिंगला चला. तिथे दोन दगड आहेत. लहान दगड गोर्म राजाने बायकोच्या आठवणीत उभा केला, त्यावर "कुर्मऱ कुनुकऱ" म्हणजे गोर्म राजाने, आणि पुढे "तानमार्काऱ" म्हणजे डेन्मार्कची. तिन्ही शब्दांच्या शेवटी आपलं अक्षर, पण आता उलटं, फांद्या खाली. शेजारचा मोठा दगड त्याच्या मुलाने, हाराल्डने, ९६५ च्या आसपास उभा केला. त्याची सुरुवात, "हारालत्र कुनुकऱ". नीट बघा, कुनुकऱ म्हणजे राजा, त्याच्या शेवटी ऱ आहे. पण हारालत्र च्या शेवटी साधा र, म्हणजे वेगळंच अक्षर. दोन्ही शब्द प्रथमेत, दोघांच्या शेवटी मुळात तोच झ, मग फरक का? कारण त, द, न असल्या दातांजवळच्या आवाजांनंतर ऱ चा साधा र लवकर झाला. राजाच्या पदवीत अजून ऱ, त्याच्या नावात र, एकाच ओळीत, शेजारी शेजारी. कोरणारा माणूस जसं बोलत होता तसंच कोरत होता. हे मी स्क्रीनवर झूम करून पाहिलं तेव्हा त्या कोरक्याचं बोलणं ऐकू आल्यासारखं वाटलं.

हाच तो हाराल्ड ज्याच्या टोपणनावावरून आपल्या फोनमधलं ब्लूटूथ आलं, आणि त्याचा लोगो म्हणजे ह आणि ब ही दोन रून एकमेकांवर ठेवलेली. त्यात आपलं अक्षर नाही, कोणी सांगितलं तरी ऐकू नका.

पुढे नॉर्वेकडे हा ऱ आणि र लवकर एक झाले, स्वीडन आणि गोटलंड बेटाकडे बराच उशिरा. इंग्लंड-जर्मनीकडे तर शब्दाच्या शेवटचा झ सरळ गळून गेला, म्हणून गास्तिझ चा इंग्रजीत नुसता गेस्ट. आइसलंडमध्ये तो र आजही जिवंत आहे, घोडा म्हणजे हेस्तुर, दिवस म्हणजे दागुर, तो शेवटचा र म्हणजे आपला विसर्ग. आणि सगळ्यात भारी म्हणजे फिनिश. ही भाषा जर्मनिक नाहीच, पण तिने फार पूर्वी शेजाऱ्यांकडून राजा हा शब्द उसना घेतला, तेव्हा तो कुनिंगाझ होता. आज फिनिशमध्ये राजाला कुनिंगास म्हणतात. मूळ मालकांनी शेपूट झिजवून टाकली, उसनं घेणाऱ्याने जपून ठेवली.

दोन तक्ते मिसळणं (माझी किचेनवाली चूक)

सातव्या-आठव्या शतकाच्या आसपास स्कँडिनेव्हियात चोवीस अक्षरांची सोळा झाली, ही नवी फुथार्क. आवाज वाढले आणि अक्षरं कमी झाली, कसं परवडलं त्यांना देव जाणे. या बदलात आपलं अक्षर पंधराव्या जागेवरून सगळ्यात शेवटी सोळावं गेलं आणि उलटं झालं. आणि त्याचा जुना आकार, उभी रेघ वर दोन फांद्या, तो मोकळा झाला म्हणून की काय, म ला मिळाला! म्हणजे तीच बेचकी जुन्या संचात झ आणि नव्या संचात म.

माझ्या किचेनवर आ नव्या तक्त्यातला होता, एक उभी रेघ आणि तिला छेदणारी छोटी तिरकी रेघ. र आणि ऊ दोन्ही तक्त्यांत जवळपास सारखेच. त्यामुळे कलीगने आ बघितला, हा नवा संच आहे असं ठरवलं आणि पुढची बेचकी म वाचली. त्याचं शंभर टक्के बरोबर होतं. रामू.

गोंधळ इथेच थांबत नाही. इंग्लंडात शब्दाच्या शेवटचा झ उरलाच नव्हता, अक्षर रिकामं पडलं, तर तिथे बेचकी एक्ससाठी वापरली. ६९८ साली बनवलेल्या संत कथबर्टच्या लाकडी शवपेटीवर (ती डरहॅमच्या कॅथेड्रलमध्ये आहे) ख्रिस्ताच्या नावाचं संक्षिप्त रूप रूनमध्ये कोरलंय, तिथे खी या ग्रीक अक्षराच्या जागी हेच अक्षर. तिथेच इंग्लंडात उलटी बेचकी म्हणजे क. डेन्मार्कमध्ये उलटी बेचकी ऱ. पुढे मध्ययुगात र-ऱ एक झाल्यावर स्कँडिनेव्हियात तीच उलटी बेचकी यूर या नावामुळे यू स्वरासाठी वापरायला लागले. आणि स्वीडनमधला रोकचा मोठा दगड, साधारण ८०० चा, त्यावर सुरुवातीलाच "रूनाऱ थाऱ" म्हणजे "ही अक्षरं" असे शब्द आहेत, पण तिथे ऱ म्हणजे ओळीच्या तळाशी एक बारकी उभी रेघ. बेचकी नाही, फांद्या नाहीत, काही नाही. घाईघाईत लिहायच्या छोट्या रेघांच्या पद्धतीत तेवढंच उरलं होतं.

मग तुम्हीच सांगा, "या आकाराचा अर्थ काय" या प्रश्नाला काय उत्तर देणार? कुठला दगड, कुठलं शतक, हे आधी सांगा.

उलटं म्हणजे मृत्यू

ही चूक जास्त गंभीर आहे म्हणून स्पष्ट लिहितो. उभं म्हणजे जीवन आणि उलटं म्हणजे मृत्यू हे प्राचीन अजिबात नाही. गोटलंडच्या क्यूल्वर दगडावर, साधारण ४०० सालचा, १९०३ ला सापडलेला, जुनी फुथार्क ओळीने कोरली आहे आणि तिथे हे अक्षर उलटंच आहे. आणखी दोन-तीन अक्षरं आरशात बघितल्यासारखी फिरलेली आहेत. त्या लोकांना दिशेचं फारसं पडलेलं नव्हतं.

जीवन-मृत्यूची ही जोडी गुइदो फॉन लिस्ट या ऑस्ट्रियन माणसाकडून आली. १९०२ मध्ये मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर काही महिने त्याला दिसत नव्हतं, त्या काळात आपल्याला अठरा रूनचं रहस्य उमगलं असा त्याचा दावा होता, आणि १९०८ ला त्याने ते पुस्तक म्हणून काढलं. तिथून ते जर्मन राष्ट्रवाद्यांनी उचललं आणि मग नाझींनी. एसएस या नाझी दलातल्या लोकांच्या थडग्यांवर जन्मतारखेपुढे उभी बेचकी आणि मृत्यूच्या तारखेपुढे उलटी, असा प्रकार होता. आजही काही वंशवादी गट हे चिन्ह वापरतात. म्हणून दंडावर एकटी बेचकी गोंदवून युरोपात फिरायला जाणार असाल तर लोक वेगळ्या नजरेने बघू शकतात. इथे कोणीतरी लगेच स्वस्तिकाचं उदाहरण देतो, की आपलं चिन्ह त्यांनी बदनाम केलं तसंच. माझं मत विचाराल तर ते तसंच नाही. स्वस्तिकाला आपल्याकडे उंबऱ्यावरचा जुना अर्थ आहे, तो नाझींच्या आधीपासून आहे. पण या अक्षराचा ‘जीवन’ हा अर्थच त्या विसाव्या शतकातल्या मंडळींनी दिलेला आहे, तो काढला की खाली जुना पवित्र अर्थ सापडत नाही, झ सापडतो.

उलट दिशेची चूकही होते. शांततेचं ते गोलातलं चिन्ह बघून "हे तर मृत्यूचं रून" म्हणणारे महाभाग आहेत. ते १९५८ मध्ये जेराल्ड होल्टमने अण्वस्त्रविरोधी मोर्चासाठी काढलं, झेंड्यांच्या सिग्नल पद्धतीतली एन आणि डी ही अक्षरं एकमेकांवर ठेवून. रूनशी देणंघेणं नाही.

"हे लॅटिन झेडवरून आलं" असं ठोकून देणं

रून लिपी भूमध्यसागराकडच्या लिप्यांवरून घेतली यावर सगळ्यांचं एकमत, पण नेमकी लॅटिन, ग्रीक की उत्तर इटलीतल्या लिप्या यावर दीडशे वर्षं भांडण चालू आहे. र, ब, आणि इ सारखी अक्षरं बघून लॅटिनवाले खूश होतात. आपल्या अक्षरापाशी आलं की सगळ्यांची पंचाईत. लॅटिन झेडचा आवाज जुळतो तर आकार जुळत नाही, इटलीतल्या जुन्या एट्रस्कन लिपीत अगदी असाच बेचकीचा आकार आहे पण त्याचा आवाज ख. आवाज धरा तर आकार सुटतो, आकार धरा तर आवाज. त्यामुळे कोणी छातीठोकपणे एकच बाप सांगितला की पुढचं जपून वाचा.

कॉपी-पेस्ट करताना

युनिकोडमध्ये रून १९९९ पासून आहेत आणि हा प्रकार फोनवर सरळ पेस्ट होतो, पण एकसारखे दिसणारे आकार वेगवेगळे कोड म्हणून आहेत. वर फांद्यावाल्यांत एक ‘अल्गिझ’ नावाचा आणि एक ‘लाँग ब्रँच मादर’ म्हणजे नवा म. खाली फांद्यावाल्यांत एक इंग्लंडचा ‘काल्क’ आणि एक ‘लाँग ब्रँच यूर’. डोळ्याला फरक नाही, पण सर्च केलं की सापडत नाही आणि फॉन्ट बदलला की आकार हलतो. नाव लिहून देणाऱ्या ज्या साइट असतात त्या बहुतेक वेळा इंग्रजी स्पेलिंगचं अक्षर-अक्षर बदलून देतात, आवाज बघतच नाहीत, त्यामुळे ज आणि झ ला काहीही येऊ शकतं. कोरायला देण्याआधी कॅरॅक्टरचं नाव तपासा, दोन मिनिटांचं काम आहे, मी केलं नव्हतं.

फोटो समोर आहे आणि बेचकी वाचता येत नाहीये, तर

बेचकीकडे बघूच नका, आधी आजूबाजूला ह आणि आ शोधा. ह जर इंग्रजी एच सारखा, मधली दांडी तिरकी, असा असेल तर जुना संच, बेचकी म्हणजे झ. ह जर चांदणीसारखा असेल, उभी रेघ आणि तिच्यावर फुली, तर नवा संच, बेचकी म्हणजे म, आणि ऱ हवा असेल तर उलटी बेचकी शोधा. आ चं पण तसंच, मान खाली घातलेल्या एफसारखा असेल तर जुना, एकच छेदणारी रेघ असेल तर नवा. मग शब्दात जागा बघा. शब्दाच्या सुरुवातीला बेचकी असेल तर ती झ असण्याची शक्यता जवळजवळ शून्य. शेवटी असेल आणि शब्द माणसाचं नाव वाटत असेल तर विसर्ग लावून वाचून बघा, बऱ्याचदा कर्ता सापडतो. आणि शोधूनही ऱ सापडत नसेल तर ओळीच्या तळाशी बारकी रेघ आहे का बघा, ती दगडावरचा ओरखडा समजून लोक सोडून देतात.

किचेनचं पुढे काय झालं ते विचारणार असाल तर, मी कलीगला विचारलं की तुमच्या त्या सोळा अक्षरांत राजू लिहायचा कसा. तो म्हणाला ज नाहीच, तेव्हाच्या माणसाने स घातला असता, रासू. नाहीतर आ जुन्या पद्धतीचा कर, मग बेचकी झ होईल. पण लाकडात जळालेली रेघ काही खोडता येत नाही, त्यामुळे स्कूटरची चावी अजून रामूच्याच नावावर आहे.